बीडीएसला ५४ टक्के, दोन विषय पुरवणीत सुटलेले: अमेरिकेत एमपीएचसाठी अर्ज करावा का?

कोयनाकाठ

नमस्कार. मला अमेरिकेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायची आहे. आकडे नीट सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळे देते.

बीडीएस, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक. चार वर्षांचे मिळून ५४ टक्के. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी राहिली, दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी. दोन्ही पुरवणी परीक्षेत सुटल्या, त्यामुळे ऑड बॅच, म्हणजे नेहमीच्या बॅचच्या मागे पडलेली. तिसऱ्या वर्षापासून एकही विषय राहिला नाही. शेवटच्या वर्षी ६१ टक्के, त्यात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीला ६८. इंटर्नशिप पूर्ण. त्यानंतर दीड वर्ष सातारा जिल्ह्यात एका संस्थेच्या तंबाखूमुक्ती प्रकल्पावर काम: घरोघरी सर्वेक्षण, मिश्री लावणाऱ्या बायकांच्या नोंदी, एक्सेलमध्ये महिन्याचा अहवाल. बारावीला गणित घेतलं नव्हतं.

प्रश्न असे:

१. बहुतेक ठिकाणी ३.० जीपीएची (४ पैकी सरासरी ग्रेडगुणांची) अट दिसते. ५४ टक्के भागिले २५ केलं तर २.१६ येतात. मग अर्ज करण्यात अर्थ आहे का?

२. कमी गुणांचं कारण अर्जात कुठे आणि किती लिहायचं?

३. येत्या डिसेंबरच्या मुदतीत अर्ज करावा, की एक वर्ष थांबून काही कोर्स करावेत?

४. एका कन्सल्टन्सीने सांगितलं की पुरवणीचा उल्लेख नसलेला एकत्रित गुणतक्ता पाठवा. असं करतात का?

---

आकडेमोड

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या उत्तरांना काही अर्थ उरत नाही. असं अजिबात करू नका. अर्ज पाठवताना दिलेली माहिती पूर्ण आणि खरी आहे असं प्रमाणित करावं लागतं. ते खोटं ठरलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि पदवी हातात आल्यानंतरही ती काढून घेता येते. दोन विषय पुरवणीत सुटले, एवढ्यावरून एमपीएच नाकारला जात नाही. लपवल्यावरून जातो.

आता २.१६. टक्क्यांना २५ ने भागायची रीत सोडून द्या. परदेशी पदवीसाठी सोफास, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या शाळांची सामायिक अर्जप्रणाली, वेस या संस्थेचा विषयवार मूल्यांकन अहवाल मागते. वेस तुमच्या विद्यापीठाची गुणपद्धत बघून एकेका विषयाला अमेरिकी ग्रेड लावते, तासांवरून क्रेडिट, म्हणजे त्या विषयाचं वजन, काढते आणि मग सरासरी करते. जिथे उत्तीर्ण व्हायलाच ५० लागतात तिथले ५४ आणि अमेरिकेतले ५४ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेसच्या साइटवर जीपीएचा अंदाज देणारं गणकयंत्र फुकट आहे. सगळे विषय भरून बघा. आकडा २.१६ पेक्षा वर येईल, बहुधा बराच वर. तो अंदाजच असतो, पण शाळांची यादी करायला पुरतो.

दुसरी गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. जीपीए मोडून बघा. एका कागदावर चार रकाने आखा: पहिली दोन वर्षं, शेवटची दोन वर्षं, विज्ञानाचे मूळ विषय, आरोग्य-समाजाशी जोडलेले विषय. बऱ्याच समित्या शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए वेगळा बघतात, काही शाळा ३.० ची अट त्यावरच लावतात. तुमची चढण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, म्हणजे ती नेमकी त्या ६० क्रेडिटमध्ये पडते. हा आकडा स्वतः काढून ठेवा, पुढे पत्रव्यवहारात लागेल.

मात्र गुणपत्रिकेत मला खरी अडचण दिसते ती ॲनाटॉमीची नाही. तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर संख्याशास्त्र नावाचा विषयच नाही. बीडीएसमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीच्या पोटात थोडंसं येतं, ओळ वेगळी छापली जात नाही. त्यात बारावीला गणित नाही. एमपीएचच्या पहिल्याच सत्रात बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचं शास्त्र) हे दोन सक्तीचे विषय समोर येतात, आणि बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलमध्ये टिकून राहायला ३.० राखावा लागतो. म्हणून समिती स्वतःला एकच गोष्ट विचारते: ही मुलगी पहिल्या सत्रात अडकेल का? तुमच्या अर्जातल्या प्रत्येक कागदाने याच प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

त्याचं सर्वांत बळकट उत्तर म्हणजे ग्रेड मिळणारा एक विषय. एखाद्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचा बायोस्टॅटिस्टिक्सचा तीन क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स, पदवीला नाव न नोंदवता. पण त्याने सरासरी वर जाईल या भ्रमात राहू नका. समजा वेसने १३० क्रेडिट आणि २.७५ दिले. त्यात ९ क्रेडिट सरळ ४.० ने मिळवली तरी हिशेब (३५७.५ + ३६) ÷ १३९, म्हणजे २.८३. सरासरी ३.० वर न्यायची तर ३२.५ क्रेडिट ४.० ने लागतील, म्हणजे जवळजवळ दोन सत्रं. शिवाय पदव्युत्तर पातळीचे कोर्स बहुतेक ठिकाणी वेगळे मोजतात, जुन्या सरासरीत मिसळतच नाहीत. तेव्हा कोर्स घ्यायचा तो आकडा वाढवायला नाही. ‘बायोस्टॅटिस्टिक्स: ए’ ही एक ताजी ओळ गुणपत्रिकेवर यावी, एवढ्यासाठी घ्यायचा.

आणि अर्थातच, त्यात बी मायनस आला तर कोर्स न घेतलेला बरा होता. बीजगणित आणि लॉगरिदम दोन महिने घासल्याशिवाय नाव नोंदवू नका.

---

पाटीपेन्सिल

‘३.० ची अट’ हे शब्द वेबसाइटवर एकसारखे दिसतात, पण त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. कोणती लागू आहे ते कळल्याशिवाय अर्जाचे पैसे भरू नका.

एक: अट विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलची असते. मग सार्वजनिक आरोग्य विभागाला तुम्ही हव्या असलात तरी त्यांना वर सूट मागावी लागते. काही विभाग ती मागतात, काही त्या फंदात पडत नाहीत. दोन: अट विभागाची स्वतःची असते. तिथे समितीच्या हातात बरंच असतं. तीन: लिहिलेलं असतं ‘शिफारस’ किंवा ‘अपेक्षा’, म्हणजे अट नाहीच.

हे विचारायला प्राध्यापकांना ईमेल करू नका. एमपीएचचे प्रवेश प्राध्यापक एकेकटे ठरवत नाहीत, ती पीएचडीची पद्धत झाली. कार्यक्रमाच्या ॲडमिशन कोऑर्डिनेटरला पाच ओळी लिहा: पदवी, वेसचा अंदाजे जीपीए, शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए, अनुभव, आणि तीन प्रश्न. किमान जीपीएची अट कोणाची? सूट मागण्याची सोय आहे का, सशर्त प्रवेश देता का? शेवटची ६० क्रेडिट वेगळी बघता का? उत्तर ‘होलिस्टिक रिव्ह्यू करतो’ (सगळा अर्ज एकत्र बघतो) एवढंच आलं तर ती शाळा यादीत मधल्या गटात ठेवा. ‘हो, सशर्त प्रवेश देतो, पहिल्या नऊ क्रेडिटमध्ये बी राखावा लागेल’ असं नेमकं उत्तर आलं तर तिला वरच्या गटात घ्या.

यादी सहा ते आठ शाळांची पुरे. सोफासची फी पहिल्या अर्जाला साधारण दीडशे डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास-साठ पडते, शिवाय काही विद्यापीठं स्वतःची वेगळी घेतात. आठाच्या पुढे गेलात की प्रत्येक निबंध पातळ होतो, आणि कमी गुणांचा अर्ज पातळ निबंधाने तरत नाही.

प्रत्येक नाव सीईपीएच या, सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या यादीत आहे का ते आधी तपासा. ‘अर्जदार’ असा दर्जा असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही असं समजा. सीईपीएचच्या नियमाने एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटचा असतो. ‘स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ’ आणि एखाद्या मेडिकल किंवा हेल्थ सायन्स कॉलेजमधला ‘एमपीएच प्रोग्राम’, दोन्हींना सीईपीएचची मान्यता मिळते. कमी जीपीएवाल्यांनी दुसऱ्या प्रकाराकडे जास्त लक्ष द्यावं असं माझं मत आहे. तिथे अर्ज कमी येतात आणि माणूस बघून वाचायला वेळ असतो.

एक गोष्ट अर्जापूर्वीच बघा, प्रवेशानंतर बदलणं कठीण. अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकी सरकारच्या वर्गीकरणातला त्याचा क्रमांक. सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा कोड ५१.२२०१, तो स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९ आणि बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ हे दोन्ही आहेत. स्टेममध्ये असेल तर शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवान्यावर आणखी २४ महिने मागता येतात. गंमत अशी की ‘एमपीएच, एपिडेमिऑलॉजी’ या एकाच नावाला काही शाळा ५१ चा कोड लावतात, काही २६ चा. हा चौथा प्रश्न त्याच ईमेलमध्ये घाला. कर्ज काढून जाणाऱ्यासाठी या दोन वर्षांचा फरक जीपीएपेक्षा मोठा आहे.

जीआरई, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा: २०२० नंतर बहुतेक शाळांनी ती ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. तुमच्याकडे गणिताचा दुसरा पुरावा नसेल तर द्यायला हरकत नाही. पण क्वांटमध्ये, म्हणजे तिच्या गणिताच्या भागात, १६० च्या आसपास किंवा पुढे असाल तरच गुण पाठवा. १५० घेऊन ऐच्छिक ठिकाणी पाठवणं म्हणजे शंकेला दुजोरा देणं. पाठवताना कोड विद्यापीठाचा नाही, त्या कार्यक्रमाचा सोफासचा टाकायचा. चुकीचा कोड टाकला की गुण विद्यापीठात पोचतात आणि अर्जात ‘मिळाले नाहीत’ असंच दिसत राहतं.

---

टपालपेटी

कागदांबद्दल लिहिते, कारण मराठी मुलांचे अर्ज गुणांपेक्षा इथेच जास्त अडकतात.

नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर नाव वेगळं, आडनाव वेगळं. वेसचं खातं आणि सोफासचं खातं, दोन्ही पासपोर्टप्रमाणेच उघडा, आणि ‘इतर नावं’ या रकान्यात गुणपत्रिकेवरचा क्रम जसाच्या तसा भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवा. ‘श्रीकांत’चं स्पेलिंग दोन वर्षांच्या गुणपत्रिकांवर दोन तऱ्हेचं असेल तर ते आत्ताच विद्यापीठातून दुरुस्त करून घ्या, त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

ट्रान्सक्रिप्ट. गुणपत्रिकांच्या झेरॉक्सला वेस ट्रान्सक्रिप्ट मानत नाही. प्रत्येक वर्षाचे विषय, गुण आणि शिकवण्याचे तास असलेला कागद हवा, आणि तो संस्थेकडून थेट जायला हवा: बंद पाकीट, झाकणावर आरपार सही आणि शिक्का. पाकीट तुमच्या हातात दिलं तरी ते फोडायचं नाही. वेसच्या साइटवर देश आणि पदवी निवडली की नेमके कोणते कागद आणि कोणाकडून, याची यादी येते. ती छापून कॉलेजच्या खिडकीवर घेऊन जा. तोंडी सांगितलं की तिथे नेहमीचा नमुना देतात आणि तासांचा रकाना राहतो. तास नसले की क्रेडिटचा हिशेब बिघडतो. सोबत पदवी प्रमाणपत्र लागतं, तात्पुरतं असेल तर चालतं का ते त्या यादीतच बघा. अटेम्प्ट सर्टिफिकेटही (किती प्रयत्नांत उत्तीर्ण झालात त्याचा दाखला) काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, पण कुणी मागितलं तर पुन्हा नाशिकला खेप नको.

वेसकडून ‘विषयवार’ अहवालच मागवा. ‘कागदवार’ स्वस्त असतो, पण त्यात जीपीएच नसतो. आणि आयकॅपची निवड करा, म्हणजे पडताळलेल्या ट्रान्सक्रिप्टची प्रतही अहवालासोबत सोफासला जाते.

वेळ. सोफासचं पुढच्या फॉलचं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचं, चक्र ऑगस्टच्या सुमारास उघडतं. अग्रक्रमाच्या तारखा बहुतेक १ डिसेंबर ते १५ जानेवारी या दरम्यान, काही शाळा त्यानंतरही जागा असेपर्यंत घेतात. पण तारीख वाचताना एक शब्द बघा: ‘सबमिटेड’ की ‘व्हेरिफाइड’? अर्ज पाठवल्यावर सोफासवाले कागद जुळवून तो पडताळतात, त्याला चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. ‘१ डिसेंबर, व्हेरिफाइड’ असेल तर तुमची खरी तारीख ऑक्टोबरची अखेर. म्हणजे वेसचा अहवाल सप्टेंबरमध्ये, म्हणजे कॉलेजकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज जूनमध्ये. परीक्षा विभाग निकालाच्या दिवसांत दुसरं काही हातात घेत नाही, हे धरून चाला.

शिफारसपत्रं तीन. सोफास शिफारस करणाऱ्याला ईमेल पाठवते, पत्र त्यांनीच चढवायचं असतं. संस्थेचा ईमेल पत्ता द्या, खासगी जीमेलवरून आलेल्या पत्राकडे शंकेने बघतात. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का असा प्रश्न येतो, त्याला ‘हो’ म्हणा. हक्क राखून ठेवलेल्या पत्राचं वजन कमी होतं. एकच पत्र सगळ्या शाळांना जातं, म्हणून त्यात कुठल्याही एका विद्यापीठाचं नाव नको. आणि ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर नम्रपणे टाळा. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात. त्याऐवजी एक पानभर मुद्दे द्या: किती घरांचं सर्वेक्षण, फॉर्ममध्ये काय बदल सुचवला, अहवालाचं पुढे काय झालं. ‘प्रामाणिक, वक्तशीर, मेहनती’ या तीन शब्दांवर उभं असलेलं पत्र कमी जीपीएच्या अर्जाला काहीच देत नाही.

---

कोयनाकाठ

तिघांचे मनापासून आभार. गणकयंत्रात विषय भरले: एकूण २.८ च्या जवळ, शेवटच्या दोन वर्षांचा ३.१.

पैसे एकाच कोर्सपुरते आहेत. बायोस्टॅटिस्टिक्स घेऊ की एपिडेमिऑलॉजी? कोर्सेराची चार प्रमाणपत्रं आधीच आहेत, ती चालतील का? आणि स्पष्टीकरणाचा मसुदा असा केला आहे, मूळ इंग्रजीत आहे, आशय देते:

‘दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. त्यामुळे वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला मला अनेक अडचणींना तोंड द्यावं लागलं. आमच्याकडची परीक्षापद्धत पाठांतरावर आधारित असल्याने माझी खरी क्षमता गुणांतून दिसत नाही. तरीही मी जिद्दीने प्रयत्न करत राहिले आणि शेवटच्या वर्षी ६१ टक्के मिळवले. माझी तळमळ लक्षात घेऊन संधी द्यावी ही विनंती.’

---

आकडेमोड

बायोस्टॅटिस्टिक्स. एपिडेमिऑलॉजी तुम्ही कामात दाखवू शकता, गणित दाखवायला दुसरी जागा नाही.

कोर्सेराची प्रमाणपत्रं रेझ्युमेत एका ओळीत लिहा, चार ओळींत नाही. तिथे पर्यवेक्षणाखालची परीक्षा नाही, क्रेडिट नाही, ग्रेड नाही. त्यांच्या एक पायरी वर एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठाचे) कोर्स येतात, कारण शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि गुण छापून येतात. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा कोर्स तिथेच आहे, शिकायला फुकट. क्रेडिट कोर्सची जागा तो घेत नाही, पण त्याच्या आधी केला तर पाया होतो.

आता मसुदा. कारण खरं आहे, तरीही मी तो असा पाठवणार नाही. एकेक वाक्य घेतो.

‘अनेक अडचणी’ म्हणजे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दोन विषय, दोन वर्षं, दोन्ही पुरवणीत सुटले: हे सरळ लिहा. ट्रान्सक्रिप्टवर ते दिसणारच आहे, तुम्ही आधी म्हटलंत तर तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

‘परीक्षापद्धत पाठांतरावर आधारित’ हे वाक्य काढाच. त्याच पद्धतीत तुमच्या बॅचच्या कुणाला तरी ७५ पडलेत, आणि समितीत भारतातून गेलेला एखादा माणूस बसलेला असू शकतो.

‘६१ टक्के मिळवले’ यात मोठा खड्डा आहे. अमेरिकेत ६१ म्हणजे डी. वाचणाऱ्याला वाटेल की चांगलं म्हणून सांगितलेलं वर्षसुद्धा इतकं वाईट. टक्का कधीही एकटा लिहू नका. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ५० आहे हे त्याच वाक्यात यायला हवं, किंवा वेसचा त्या वर्षांचा जीपीए द्या. कॉलेज वर्गातला क्रमांक लेखी देत असेल तर सर्वांत उत्तम.

‘तळमळ’ आणि ‘विनंती’ दोन्ही काढा. स्पष्टीकरणात मागणी करायची नसते.

माध्यमाचं कारण राहू द्या, पण एका वाक्यात, आणि लगेच ते कधी संपलं याचा पुरावा. तो पुरावा तुमच्याकडे टोफेल किंवा आयईएलटीएसच्या लेखनाच्या गुणांत असेल. आशय असा बसवता येईल:

‘मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीतून लेखी उत्तरं देण्याची सवय व्हायला दोन वर्षं लागली. त्या काळात ॲनाटॉमी आणि फार्माकॉलॉजीत मी नापास झाले, दोन्ही पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण केले. त्यानंतर एकही विषय राहिला नाही, शेवटच्या दोन वर्षांचा जीपीए ३.१ आहे. पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत, जिथे उत्तीर्ण होण्यासाठी ५० लागतात, मला ६८ मिळाले. संख्याशास्त्राचा स्वतंत्र विषय माझ्या पदवीत नव्हता, तो मी सध्या तीन क्रेडिटचा घेत आहे. निकाल डिसेंबरमध्ये येईल आणि मी तो पाठवीन.’

इंग्रजीत हे दीडशे शब्दांत बसतं, दोनशेच्या वर जाऊ देऊ नका. जागा: सोफासच्या ‘प्रोग्रॅम मटेरिअल्स’ या भागात काही शाळा यासाठी वेगळा रकाना देतात, तिथे. नसेल तर उद्देशपत्राच्या शेवटाकडे एक परिच्छेद. सुरुवातीला कधीच नाही.

---

पाटीपेन्सिल

वरच्या मसुद्याला दुजोरा. फक्त ‘निकाल पाठवीन’ म्हटलंत की तो खरोखर पाठवायचा. सोफासमध्ये पडताळणीनंतर शैक्षणिक नोंदी अद्ययावत करण्याची सोय असते, आणि प्रत्येक शाळेला ईमेलने वेगळं कळवा, कारण बदल आपोआप कुणी बघत नाही.

उद्देशपत्राची सुरुवात तुमच्याजवळ तयार आहे आणि तुम्ही ती प्रश्नात एका ओळीत टाकून पुढे गेलात: मिश्री. धूम्रपान नाही, गुटखा नाही, तर भाजलेल्या तंबाखूची पूड जी दात घासायचं साधन म्हणून बायका लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणतात. फॉर्मवरचा प्रश्न कसा विचारला यावर आकडा बदलतो, हा एपिडेमिऑलॉजीतला मोजमापाच्या चुकीचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही गावात उभं राहून बघितलेला आहे. प्रौढांच्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणाची भारतातली दुसरी फेरी, २०१६-१७ ची, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. त्यात देशातल्या २१.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. तुमच्या फॉर्ममध्ये मिश्री वेगळी विचारली होती का, विचारली तेव्हा आणि न विचारली तेव्हा नोंदींत काय फरक पडला, हे प्रकल्पाच्या परवानगीने एका परिच्छेदात लिहा. गावांची, बायकांची नावं नकोत.

‘लहानपणापासून लोकांची सेवा करायची इच्छा होती’ अशी सुरुवात केलीत तर हे सगळं वाया जाईल.

---

आकडेमोड

त्याला जोडून आकड्यांचं एक काम सुचवतो, पैसे लागत नाहीत. तंबाखूच्या या जागतिक सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी उपलब्ध आहे. ती जड वाटली तर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचं एनहेन्स हे राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण घ्या, नोंदणीशिवाय उतरवून घेता येतं. त्यात दातांच्या तपासणीची फाइल वेगळी, तंबाखूच्या प्रश्नांची वेगळी, वय-लिंगाची वेगळी. तिन्ही फाइलींत प्रत्येक व्यक्तीचा एकच क्रमांक असतो, त्यावर त्या जोडायच्या. काम आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे.

इथे नवशिके एकाच ठिकाणी चुकतात: साधी टक्केवारी काढून मोकळे होतात. हा नमुना सरळ चिठ्ठ्या टाकून काढलेला नाही, काही गट मुद्दाम जास्त घेतलेले आहेत. वेट (प्रत्येक नोंदीचा भार), स्तर आणि नमुन्याचे समूह हे तिन्ही रकाने सर्वेक्षण-रचनेत सांगितल्याशिवाय आलेला आकडा देशाला लागू होत नाही. आर मधलं ‘सर्व्हे’ पॅकेज हेच करतं. दातांची तपासणी फिरत्या तपासणी केंद्रात होते, म्हणून वेट मुलाखतीचं नाही, तपासणीचं घ्यायचं. दोन फेऱ्या जोडल्या तर वेट दोनाने भागायचं. वयाच्या दोन गटांत तंबाखू आणि दात पडणं यांचा संबंध, एक तक्ता, एक आलेख, चार पानं. कोड गिटहबवर ठेवा आणि दुवा रेझ्युमेत द्या. प्रसिद्ध शोधनिबंधाची गरज नाही, आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला तर जाऊच नका.

तिसऱ्या प्रश्नावर, थांबावं की नाही: कोर्स ऑगस्टमध्ये सुरू होत असेल आणि ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये मागवता येत असेल तर याच चक्रात अर्ज करा. यातलं एक जरी हुकलं तर पुढचं चक्र घ्या. अर्धवट अर्ज आठ शाळांना पाठवून नकार घेतले तर पुढच्या वर्षी त्याच शाळांत पुन्हा अर्ज करताना ‘तेव्हापासून नवीन काय?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

---

टपालपेटी

थांबण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सशर्त प्रवेशाखेरीज एक तिसरा रस्ता आहे: पदव्युत्तर सर्टिफिकेट, साधारण १२ ते १८ क्रेडिटचं, ऑनलाइन. त्याला जीपीएची अट सैल असते आणि ती क्रेडिट बऱ्याच ठिकाणी त्याच शाळेच्या एमपीएचमध्ये धरली जातात. कोर्स एकटा विकत घेण्याऐवजी सर्टिफिकेटमधला पहिला विषय म्हणून बायोस्टॅटिस्टिक्स घेतला तर तेच पैसे दोन ठिकाणी कामाला येतात. नाव नोंदवण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या: किती क्रेडिट एमपीएचमध्ये धरणार, आणि किमान ग्रेड कोणती. ‘साधारणपणे धरतो’ या उत्तरावर पैसे भरू नका.

इकडचंही विचारात घ्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच आहे, मुंबईत टाटा संस्थेत आहे, पुणे विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र विभागात आहे, गांधीनगर आणि हैदराबादला आयआयपीएच या सार्वजनिक आरोग्य संस्था आहेत. काम महाराष्ट्रातच करायचं असेल तर अमेरिकेच्या कर्जाआधी यांची प्रवेशाची पात्रता वाचून काढा.

आणि कोयनाकाठ, तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत म्हणून विचारते: पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एकसारखं आहे का? आज रात्रीच दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

---

कोयनाकाठ

जुळवलं. दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक ‘एच’ कमी आहे. सोमवारी दुरुस्तीचा अर्ज घेऊन कॉलेजला जाते, आणि त्याच खेपेत वेसची यादी खिडकीवर देते.